यादीतली एक ओळ

(आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर करून दिलं आहे.)



संयोजकांचा हुकूम असा की प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलायचं. सकाळच्या सत्रात आपल्या डॉक्टर मंडळींनी गुडघे कसे सांभाळायचे ते सांगितलं, वकीलीणबाईंनी वारसनोंदीबद्दल सांगितलं. दोन्ही गोष्टी आपल्या वयाला अगदी लागू पडणाऱ्या. माझी मात्र पंचाईत आहे. मी मोबाइलची ॲप बनवते, आणि गेली काही वर्षं त्यातलंही एकच काम जास्त करते. ॲपमध्ये जी यादी दिसते, त्या यादीतली एक ओळ कशी दिसावी हे ठरवणं. घरी सासूबाईंनी एकदा नीट विचारून घेतलं की तू नक्की करतेस काय. मी हेच सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "आणि त्याचा पगार देतात?"

देतात. का देतात, ते आज तुम्हाला सांगते.

जेवणानंतरचं सत्र आहे, तेव्हा आधी थोडी हालचाल करू. सगळ्यांनी आपापला फोन काढा आणि काहीही उघडा. संपर्क उघडलेत तर ती नावांची यादी. मेसेज उघडलेत तर ती यादी. बँकेचं ॲप उघडलंत तर व्यवहारांची यादी, गाडीचं तिकीट काढायला गेलात तर गाड्यांची यादी, आणि आपल्या वर्गाचा व्हॉट्सॲप गट म्हणजे सकाळच्या सुप्रभातांची यादी. फोनवर आपण जे काही करतो, त्यातलं बरंचसं एका यादीवर बोट सरकवत केलेलं असतं. त्यामुळे एक ओळ नीट बसली तर अर्धं ॲप नीट बसतं. आणि ती बिघडली तर माणसं कशी दुखावतात, तेही मी पाहिलंय. त्याकडे येतेच.

ही विद्या मी कुठे शिकले असं कोणी विचारलं तर मी कॉलेजचं नाव सांगते, पण तिचं पहिलं पुस्तक इथे पाहिलं होतं. हजेरीपट! आठवा. डावीकडे अनुक्रमांक, मग नाव, मग महिन्याच्या दिवसांचे बारीक चौकोन, शेवटी बेरीज. हजर असेल तर निळ्या शाईची खूण, गैरहजर असेल तर लाल. पण ते लाल नुसतं लाल नसायचं, तिथे 'गै' असं अक्षरही असायचं. रविवारचा रकाना उभा मारलेला. आणि आपले वर्गशिक्षक हजेरी घेताना नावाखाली लाकडी पट्टी धरायचे, एकेक नाव झालं की पट्टी खाली सरकवायचे. तेव्हा आपल्याला वाटायचं की ती पट्टी आपल्यासाठी आहे! आज कळतं, ती डोळ्यांसाठी होती. साठ नावं आणि तीस-एकतीस रकाने असले की नजर एका ओळीवरून सुरू होते आणि पलीकडे पोहोचेपर्यंत शेजारच्या ओळीत घसरते. ॲपमध्ये आम्ही एकाआड एक ओळीला फिकट रंग देतो किंवा दोन ओळींमध्ये बारीक रेघ मारतो, ते सरांच्या पट्टीचंच काम.

आता फोन ही यादी करतो कशी, ते दोन मिनिटांत सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे.

समजा यादीत एक हजार नावं आहेत. फोन हजार ओळी बनवत नाही. पडद्यावर एका वेळी दहा-बारा ओळी मावतात, म्हणून तो तेवढ्याच बनवतो, वर आणखी दोन-चार हाताशी ठेवतो. तुम्ही बोटाने यादी वर सरकवली की वरची ओळ पडद्याबाहेर जाते. ती टाकून न देता फोन तिच्यातला मजकूर बदलतो आणि खालून नवी म्हणून आणून लावतो. आपल्याकडच्या जुन्या विहिरींवरचं रहाटगाडगं आठवा. गाडगी मोजकी, पण पाणी येतच राहतं. २००८ मध्ये आयफोनसाठी बाहेरच्या लोकांना ॲप बनवता येऊ लागली आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन आला, तेव्हापासून दोन्हीकडे ही युक्ती आहे. आयफोनवर तिचं नाव यूआयटेबलव्ह्यू, अँड्रॉइडवर लिस्टव्ह्यू. २०१४ मध्ये गूगलने रिसायकलरव्ह्यू नावाचा नवा प्रकार आणला. त्याच्या नावातच पुनर्वापर आहे. जुन्या प्रकारात गाडगी परत वापरणं हे लिहिणाऱ्याच्या शहाणपणावर सोडलं होतं, नव्यात ते सक्तीचं झालं.

एवढा खटाटोप कशासाठी? तर फोनचा पडदा सेकंदाला निदान साठ वेळा नव्याने रंगवला जातो. म्हणजे एका चित्राला साधारण सोळा मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात ओळ तयार नसेल तर यादी सरकताना अडखळते, खड्ड्यातून गेलेल्या एसटीसारखी.

आता ओळीचं रूप. अँड्रॉइडमध्ये तयार ओळी मिळतात. एक असते एका मजकुराची, एक असते दोन मजकुरांची, वर मोठं आणि खाली बारीक. तयार कपड्यांसारखं हे, अंगात घातलं आणि निघालं. पण माप आपलं हवं असेल तर आपली ओळ आपण बेतायची. डावीकडे चित्र, मध्ये नाव, उजवीकडे रक्कम, अशी मांडणी एकदा लिहायची, आणि मग प्रत्येक ओळीला सांगायचं की तुझ्यात हे नाव भर, ही रक्कम भर, बाकी असेल तर रंग बदल. आमच्या कामाचा गाभा एवढाच. आता एका खऱ्या यादीवर हे कसं चालतं ते सांगते.

आपल्याच तालुक्यातल्या एका गावची दूध संस्था आहे. नाव सांगत नाही, पण तुमच्यापैकी निम्म्यांनी तिथे किटली नेलेली आहे. संस्थेने एका कंपनीकडून संकलनाचं ॲप करून घेतलं होतं. सचिवांनी उत्पादकाचं नाव यादीतून निवडायचं, लिटर, फॅट आणि एसएनएफ भरायचं, रक्कम आपोआप निघणार. ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांच्यासाठी सांगते, दुधाचा दर नुसत्या लिटरवर नसतो. गायीच्या दुधाचा भाव साधारण ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून जाहीर होतो, म्हशीचा ६ आणि ९ धरून, आणि त्याच्या वरखाली प्रत्येकाचा भाव बदलतो. म्हणजे ओळीतला एकेक आकडा कोणाच्या तरी घरखर्चाचा आहे. दर दहा दिवसांनी बिल निघतं.

या ॲपमध्ये दोन गोष्टी घडल्या.

पहिली नावांची. यादीत नाव आडनावापासून लिहिलेलं होतं, आणि ओळीत मावेल तेवढं दाखवून पुढे तीन टिंबं. आता गाव कुठलं? पाटलांचं! समजा एक आहेत पाटील सुनीता महादेव आणि दुसऱ्या पाटील सुनीता मारुती. पडद्यावर दोघींचं नाव एकच दिसतं: पाटील सुनीता म, आणि टिंबं. एकीचं दूध दुसरीच्या नावावर चढलं. एकदा नाही, चार-पाच वेळा. बिलाच्या दिवशी एकीच्या हातात कमी पैसे आले आणि एकीच्या जास्त. जिच्याकडे जास्त आले तिला वाटलं, म्हैस वाढली आहे दुधाला. दोघी एका भावकीतल्या, एका गल्लीतल्या. पुढे महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. ज्यांनी संस्थेकडून उचल घेतली आहे आणि फेड बाकी आहे, त्यांची ओळ लाल दिसायची. एके सकाळी सचिवांनी यादी सरकवली, एका बाईंची ओळ लाल दिसली, आणि त्यांनी रांगेतच सांगितलं की तुमची उचल बाकी आहे. त्या बाईंनी आयुष्यात एक रुपया उचल घेतली नव्हती. मागे वीस माणसं किटल्या घेऊन उभी होती. गावात असं वाक्य घरी पोहोचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. सचिव वाईट माणूस नाही. पडद्यावर लाल होतं, त्यांनी लाल वाचलं.

मग लाल आलं कुठून? रहाटगाडग्यातून. ओळ बनवणाऱ्याने लिहिलं होतं की उचल बाकी असेल तर रंग लाल कर. बरोबर आहे. पण उचल बाकी नसेल तर रंग पुन्हा पांढरा कर, हे लिहायचं राहून गेलं होतं. वरची लाल ओळ पडद्याबाहेर गेली, नाव बदलून खालून आली, आणि आधीचा लाल रंग अंगावर घेऊनच आली. गाडग्यात मागचं पाणी उरलेलं होतं. गंमत म्हणजे यादी वर-खाली केली की लाल दुसऱ्याच्याच नावावर जाऊन बसायचं. सचिव तक्रार करायचे, कंपनीचा माणूस बघायचा, तेव्हा सगळं ठीक दिसायचं. या धंद्यात नव्याने आलेल्या प्रत्येकाला हा नियम पहिल्या आठवड्यात शिकवावा लागतो: ओळीत जे जे बदलू शकतं, ते ते प्रत्येक वेळी नव्याने सांगायचं. असेल तर काय, आणि नसेल तर काय, दोन्ही. सर, तुम्ही फळ्यावर नवं गणित मांडायच्या आधी कोपऱ्यातली जुनी बेरीजसुद्धा पुसायला लावायचात, ते याचसाठी.

संस्थेचे चेअरमन माझ्या भावाच्या ओळखीचे, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ संकलनावर जाऊन बसले. संगणकापुढे बसून जे सुचलं नसतं ते तिथे दिसलं.

एक, सचिव माणसाला नावाने शोधतच नाहीत. उत्पादक येतो आणि म्हणतो, "बेचाळीस". कोड क्रमांक. यादीत मात्र तो क्रमांक नावाच्या खाली, करड्या रंगात, बारीक अक्षरात लिहिलेला होता. जे तोंडाने बोललं जातं, ते ओळीत सगळ्यात मोठं हवं. म्हणून नवीन ओळीत डावीकडे क्रमांक ठळक, मोठा. त्याच्याशेजारी नाव, पूर्ण. एका ओळीत मावलं नाही तर दोन ओळींत, पण टिंबं नाहीत. एकाच नावाच्या दोघी असतील तर खाली वाडीचं किंवा गल्लीचं नाव. ओळ उंच झाली, पडद्यावर बाराऐवजी आठच मावायला लागल्या. चालेल. पाटलीणबाईंचं दूध पाटलीणबाईंच्या नावावर जायला हवं, ते महत्त्वाचं.

दोन, सकाळी सहाला अंधार असतो आणि आठला ऊन थेट पडद्यावर येतं. करड्यावर फिकट करडं उन्हात दिसत नाही. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजळपणात किती फरक हवा, त्याचं जगभर मानलेलं एक माप आहे: लहान अक्षरांना निदान ४.५ ला १. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ ला १. देखणेपणाच्या नावाखाली बारीक करडी अक्षरं टाकणाऱ्या लोकांना मी सांगते, संकलनावर या आणि आठ वाजता वाचून दाखवा.

तीन, हात. दूध मोजणाऱ्याचा हात ओला असतो, आणि ओल्या बोटाने फोनचा पडदा भलतंच समजतो. म्हणून ओळ दाबायला ऐसपैस हवी. गूगल सांगतं की दाबायची जागा निदान ४८ डीपी असावी. डीपी म्हणजे पडद्याच्या दाटीप्रमाणे जुळवून घेणारं माप, आणि ४८ म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. ॲपल आपल्या मापाने ४४ सांगतं. मी ७२ धरलं. जुन्या ॲपमध्ये ओळ बाजूला सारली की नोंद पुसली जायची. ओल्या हाताने यादी सरकवताना नोंद गेली तर? ती सोय काढून टाकली. पुसायचं असेल तर ओळ दाबून धरायची, मग ॲप विचारतं, खरंच पुसू का, आणि कोणाचं आणि किती ते नावासकट दाखवतं.

चार, रंग. उचल बाकी असलेल्याची सगळी ओळ लाल करायची गरज काय? रांगेतल्या माणसालाही ती पलीकडून दिसते. पैशाची गोष्ट आहे, झाकून राहिलेली बरी. शिवाय लाल आणि हिरवं वेगळं न दिसणारी माणसं असतात. हा दोष जन्मतः असतो आणि पुरुषांमध्ये कितीतरी जास्त, कारण त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर बसलेलं असतं. जीवशास्त्राच्या बाई मान हलवतायत, म्हणजे बरोबर सांगितलं. तेव्हा नुसत्या रंगावर अर्थ ठेवायचा नाही, शब्द हवाच. हजेरीपटातल्या त्या 'गै'सारखा. नव्या ओळीत 'उचल' एवढाच शब्द लहान चौकटीत येतो, तोही ओळ उघडल्यावर.

पाच, आकडे. फॅट मोजायच्या यंत्रावर इंग्रजी आकडे येतात. ॲपमध्ये देवनागरी आकडे दाखवले तर सचिवांना एक मनात आणि एक पडद्यावर असं जुळवत बसावं लागतं. मराठीची बाजू घेणारी मी, पण इथे यंत्रासारखेच आकडे ठेवले. आणि सगळे उजव्या बाजूला, दशांश चिन्हाखाली दशांश चिन्ह. वहीत गणित मांडताना एकक एककाखाली लिहा म्हणून आपण छड्या खाल्ल्या आहेत, त्याचं चीज झालं.

आता थोडं मराठीबद्दल बोलते, कारण मराठीचे शिक्षक समोर आहेत आणि त्यांना वाटत असेल की या पोरीने इंग्रजी शब्दच फार वापरले.

ही सगळी साधनं रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून बनली. त्या लिपीचं अक्षर साधारण दोन रेघांत बसतं. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, रुकार. ओळीची उंची इंग्रजी नावावरून ठरवली आणि ती पक्की बांधून टाकली की मराठी नाव वरून आणि खालून कापलं जातं. शिंदेंची मात्रा आणि अनुस्वार जातो, गुरवांचा उकार जातो आणि ते 'गरव' होतात. अँड्रॉइडमध्ये अक्षरांच्या वर-खाली थोडी मोकळी जागा आपोआप सोडलेली असते. ओळ घट्ट आणि सुबक दिसावी म्हणून पुष्कळ जण ती काढून टाकतात. इंग्रजीत ते खपतं, मराठीत वेलांट्या उडतात. म्हणून माझा नियम, ओळीची उंची बांधायची नाही. कमीत कमी किती ते सांगायचं आणि वर वाढायला मोकळीक ठेवायची.

तसंच अक्षरांमधल्या अंतराचं. इंग्रजीत शीर्षक रुबाबदार दिसावं म्हणून अक्षरं जरा लांब लांब ठेवतात. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. तिरप्या अक्षरांचंही तेच. आपल्याकडे ती परंपराच नाही, फोन अक्षराला नुसता ढकलून तिरपं करतो. महत्त्व दाखवायचं तर ठळक करा किंवा मोठं करा.

आणखी एक. संपर्काच्या यादीत नावाआधी रंगीत गोल असतो आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर. आपल्या वर्गात श्री, ज्ञा आणि क्ष यांनी सुरू होणारी नावं किती होती आठवा. संगणकाच्या दृष्टीने 'क्ष' हे एक अक्षर नाही. क, हलन्ताची खूण आणि ष, असे तीन तुकडे आहेत. पहिला तुकडा उचला म्हटलं की क्षितिजाच्या गोलात 'क' येतो, ज्ञानेश्वराच्या गोलात 'ज' आणि श्रीकांतच्या गोलात 'श'. ज्ञानेश्वराला 'ज' म्हणणं हे महाराष्ट्रात तरी शोभत नाही. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरं एकसंध धरायचा नियम आला. पण ॲप लिहिणाऱ्याने तो नियम वापरायला तर हवा! अनुक्रमाचंही तसंच. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर, मग क्ष, ज्ञ. संगणकाच्या कोष्टकात मात्र ळ बसलाय ल आणि व यांच्या मध्ये. मराठी क्रम लावा असं वेगळं सांगितलं नाही, तर यादी त्या कोष्टकाच्या क्रमाने लागते आणि क्षीरसागर 'क' मध्ये सापडतात. मराठी वळणाचे ल आणि श सुद्धा असेच मागून घ्यावे लागतात. टंकात ते असावे लागतात आणि मजकूर मराठी आहे हे फोनला सांगावं लागतं, नाहीतर हिंदी वळणाचे येतात.

आता शेवटचा मुद्दा. तिसऱ्या रांगेत आपला एक मित्र बसलाय. त्याची परवानगी घेऊन सांगते. शाळेत फळ्यावरचं त्याला दिसायचं, गेल्या दहा-बारा वर्षांत नजर जवळजवळ गेली. भावाबरोबर हार्डवेअरचं दुकान चालवतो आणि दुकानाची उधारी फोनवर ठेवतो. अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक नावाची सोय आहे, आयफोनवर व्हॉइसओव्हर. पडद्यावरचं वाचून दाखवते. बोट उजवीकडे सारलं की पुढची गोष्ट वाचते.

दूध संस्थेची नवी ओळ बांधायच्या आधी मी त्याच्या दुकानात गेले, कारण यादी कानाने कशी वाचतात हे मला बघायचं होतं. त्याच्या उधारीच्या ॲपमध्ये एका गिऱ्हाइकाची ओळ पाच तुकड्यांत वाचली जात होती. "चित्र." सारा. नाव. सारा. तारीख. सारा. रक्कम. सारा. "बटण." कसलं बटण, ते नाहीच. साठ गिऱ्हाइकं म्हणजे तीनशे वेळा बोट सारायचं. आणि बाकी आहे की जमा आहे हे फक्त रंगात होतं, लाल किंवा हिरवं. कानाला रंग कुठून कळणार? तो म्हणाला, "रक्कम ऐकू येते, पण ती मला येणं आहे की देणं, ते भावाला विचारावं लागतं." स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या पैशाबद्दल.

यावरचा उपाय डोंगराएवढा नाही. सगळी ओळ एकच गोष्ट आहे असं फोनला सांगता येतं, आणि ती वाचताना काय म्हणायचं तेही लिहून देता येतं. संस्थेच्या ॲपमध्ये आता एकदा बोट सारलं की सलग ऐकू येतं: "बेचाळीस, पाटील सुनीता महादेव, सकाळ, सहा पूर्णांक दोन लिटर." लिटरसाठी पडद्यावर नुसतं एक अक्षर असलं तरी कानाला पूर्ण शब्द. पहिल्यांदा ते त्यालाच ऐकवलं. "जरा भरभर बोलायला लाव, गिऱ्हाईक थांबत नाही," एवढंच म्हणाला. टॉकबॅकचा वेग त्याने इतका वाढवून ठेवलाय की मला एक शब्द कळत नाही! त्याच्या दुकानाच्या ॲपवाल्यांना आम्ही दोघांनी मिळून पत्र पाठवलं आहे. पाच मुद्दे, क्रमांक घालून. उत्तर आलं की गटावर टाकते.

वेळ संपत आली, संयोजक घड्याळ दाखवतायत. माझी तीन मागणी आहेत.

पहिली, आज घरी जायच्या आधी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन अक्षरांचा आकार हवा तेवढा मोठा करून घ्या. अँड्रॉइड १४ पासून तो दुपटीपर्यंत नेता येतो. आपण पन्नाशीकडे निघालो, चष्मा कपाळावर ठेवून फोन हातभर लांब धरण्यात कसलाही मोठेपणा नाही. अक्षरं मोठी केल्यावर एखाद्या ॲपची ओळ फुटली, नावं कापली गेली, तर तो दोष तुमचा नाही. ज्यांनी ॲप बनवलं त्यांना कळवा. दहा माणसांनी कळवलं की काम होतं, मी पलीकडच्या बाजूला बसते म्हणून सांगते.

दुसरी, तुमच्यापैकी कोणी पतसंस्थेत आहे, कोणी सोसायटीत, कोणी ग्रामपंचायतीत. तुमच्या संस्थेसाठी कोणी ॲप करून देत असेल तर दिवाणखान्यात बसून ते पसंत करू नका. आपल्या गावातली सगळ्यात लांब पाच नावं त्यात भरून बघा. एकाच नावाची दोन माणसं भरून बघा. भर उन्हात धरा. यादी जोरात वर-खाली सरकवा आणि रंग जागचे हलतात का बघा. आणि टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून, एक नोंद शोधून दाखवा म्हणावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

तिसरी मागणी गुरुजनांकडे. आपल्या शाळेचे जुने हजेरीपट कपाटात असतील तर ते रद्दीत घालू नका. आमच्या तुकडीचा एखादा सापडला तर मला त्याची छायाचित्रं काढू द्या. माझ्याकडे नवी मुलं शिकायला येतात, त्यांना मी सांगून थकते की आधी कागदावरची यादी नीट बघा. त्यांना दाखवायला माझ्याकडे त्याहून चांगला नमुना नाही. आणि हो, कोणाच्या नावापुढे किती लाल आहेत ते मी गटावर टाकणार नाही, एवढा शब्द देते.

त्या दोघी सुनीतांचं काय झालं, असं मधल्या सुट्टीत एकीने विचारलं. दुधाचा हिशोब चेअरमननी बसवून दिला, पैसे इकडचे तिकडे झाले. बोलणं सुरू व्हायला मात्र दिवाळी उजाडावी लागली. ज्या बाईंना रांगेत उचल बाकी असल्याचं सांगितलं गेलं, त्यांनी दुसऱ्या संस्थेत दूध घालायला सुरुवात केली होती. सचिव त्यांच्या घरी जाऊन आले, दोनदा. अजून त्या परत आलेल्या नाहीत. त्यांचा कोड क्रमांक यादीत तसाच ठेवला आहे, दुसऱ्या कोणाला दिलेला नाही.